पाल बारमधलं दूध

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्या पबमध्ये शुक्रवारी दुपारी पिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या बायका-बहिणींचीच गर्दी जास्त. दारू सोडवणारे स्वामी दारूच्याच दुकानात बसतात, हे कुणालाच खटकत नव्हतं!

वेटर आतून व्होडकाचे भरलेले पेले आणून ठेवी. स्वामी कमंडलूतलं तीर्थ ओतत आणि पाण्यासारखी स्वच्छ व्होडका पांढरीशुभ्र होई.

"मद्याचं दूध झालं! नऊ शुक्रवार प्या. घसा जळतो? पाप जळतंय!"

महिन्याभरात पबचं मूळ नाव मागे पडलं. रिक्षावालेसुद्धा 'पाल बार' म्हणू लागले. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. मी पडलो साताऱ्याचा, मला भिंतीवरची पालच आठवली.

शेजारचा रघुराम तिथे जाऊ लागला आणि माझं हसू थांबलं. डॉक्टरांच्या उपचारानं पाच महिने तो दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता.

"आता गोळ्या कशाला, कृष्णकांत? स्वामींचं दूध आहे ना!"

तिसऱ्या आठवड्यात सकाळी त्याचे हात पुन्हा थरथरू लागले. मी समजावलं, भांडलो. त्यानं दार लावून घेतलं. शेवटी त्याची थोरली बहीण विद्यालक्ष्मी, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, म्हणाली, "भांडून काय होतंय? मला तिथं घेऊन चला."

पबमध्ये तिनं आधी वेटरनं आणलेला, तीर्थ न पडलेला पेला हुंगला. "बडीशेप," ती पुटपुटली. मग बेसिनच्या नळाचं पाणी आणून सरळ त्या पेल्यात ओतलं. दूध! नंतर सगळ्यांसमोर नवी बाटली फोडायला लावली, धुतलेल्या पेल्यात व्होडका घेतली आणि त्यात स्वामींचंच तीर्थ ओतलं. काहीच झालं नाही.

"आतून येणाऱ्या पेल्यात आधीच बडीशेपेचं तेल घातलेलं असतं. ते व्होडकात विरघळतं, पाण्यात नाही. पाणी पडलं की तेलाचे बारीक थेंब सुटतात, म्हणून पांढरं दिसतं. दारू आहे तशीच राहते. रघू, तीन आठवडे तू दारूच पीत होतास."

स्वामी ओरडले, "अविश्वासी बाईनं तीर्थ बाटवलं!"

आणि निम्म्या गर्दीनं माना डोलावल्या! डोळ्यांदेखत सगळं घडूनही एक बाई विचारत होती, "पुढच्या शुक्रवारी स्वामी किती वाजता बसणार?" माझं डोकं फिरायची वेळ आली.

रघुराम मात्र चेहरा झाकून बसला होता. मग हात बाजूला करून म्हणाला, "अक्का, डॉक्टर आज भेटतील?"

भेटले.

स्वामी आता कोवलमला बसतात म्हणे, आणि तिथेही रांग लागते. त्या रांगेतल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे: पेला स्वामींचा, पाणी स्वामींचं, अर्थही स्वामींचाच, मग तपासलं कोणी? हात जोडण्याआधी एकदा स्वतः करून पाहा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.