बाहेरून कडी

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी खोटा आहे. दुरून पाहिलंत तर मी लोखंडाचा वाटेन. अंगावर गंजाचे ओघळ, कडेनं मोठमोठे रिव्हेट, मधोमध डोळ्याएवढा झरोका. जवळ येऊन नखानं खरवडलंत तर पातळ पत्रा निघेल आणि त्याखाली प्लायवूड. रिव्हेट म्हणजे बाटल्यांची बुचं आहेत. गंज म्हणजे चहाची पावडर आणि डिंक. झरोका नुसता रंगवलेला आहे. माझ्या अंगावर खरी म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे कडी. ती अस्सल लोखंडाची होती आणि ती बाहेरच्या बाजूला होती. माझी सगळी कहाणी त्या कडीची आहे, म्हणून आधीच तिची ओळख करून दिली.

माझं प्लायवूडही नवं नव्हतं. आधी ते एका विनोदी सिनेमात दवाखान्याची भिंत म्हणून उभं होतं. माझ्या पाठीवर 'शांतता राखा' ही पाटी अजून अर्धी दिसते. त्या सिनेमाचा सेट मोडला, तेव्हा एका मिस्त्रीनं मला उचलून नेलं. हा मिस्त्री सिनेमाचे सेट बांधायचा. बोलायला कमी, हाताला चपळ, आणि कानावर कायम पेन्सिल. ती पेन्सिल शोधायला तो दिवसातून अनेकदा सगळ्यांना कामाला लावायचा आणि शेवटी ती कानावरच सापडायची.

त्याला जो सिनेमा मिळाला होता, त्यात पैसे बेतास बात होते. म्हणून सगळा सिनेमा एकाच खोलीत घडणार होता. एक खोली, एक माणूस आणि एक दार. बाकीचं जग कुठे आहे, असं कोणी विचारलं की दिग्दर्शक म्हणायचा, ते प्रेक्षकांच्या डोक्यात आहे आणि तिथे सेट लावायला खर्च येत नाही. स्वतःच्या या वाक्यावर तो दर वेळी नव्यानं हसायचा.

गोष्ट पुढच्या काळातली होती. त्या काळात सरकार माणसांना एकेक करून खोलीत कोंडून त्यांची परीक्षा घेतं. आतल्यानं मदत मागायची नाही. त्यानं दार वाजवलं की त्याची शिक्षा वाढते. बाहेर माणसं पडद्यावर त्याला बघत बसतात आणि त्याच्या थापांची नोंद ठेवतात. अशा काळाची भीती वाटावी, माणसानं माणसाकडे लक्ष द्यावं, म्हणून आपण हा सिनेमा काढतोय, असं दिग्दर्शक सांगायचा. तो मनापासून सांगायचा, हे मला कबूल आहे. माणूस खोटं बोलत असता तर मला इतका राग आला नसता.

एका बंद गोदामात त्यांनी ती खोली उभी केली आणि मला तिच्या तोंडाशी बसवलं. दिग्दर्शकानं येऊन मला लाथ घातली. मी थरथरलो. दार हललं तर प्रेक्षक हसतील, असं तो म्हणाला. मिस्त्रीनं माझ्या मागे जाड चौकट मारली, पत्रा चढवला आणि भंगारातून ती कडी आणून बाहेरून बसवली. आतूनही एक खटका देऊ का, असं त्यानं विचारून पाहिलं. कॅमेरा आतच आहे, त्याला खटका दिसेल, असं म्हणून दिग्दर्शकानं तो विषय संपवला. मग पुन्हा लाथ घातली. या वेळी मी जागचा हललो नाही.

"दार असावं तर असं," दिग्दर्शक म्हणाला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी फुगलो. मला वाटलं, दवाखान्याच्या भिंतीचं अखेर नशीब उघडलं.

आता खोलीत कोंडायला माणूस हवा होता. नाव असलेला नट परवडणार नव्हता. तेव्हा मिस्त्रीनं भीतभीत आपल्या दाजींचं नाव सुचवलं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. त्यांनी आयुष्यभर सिनेमात कामं केली होती, पण ती कशी, तर चादरीखालचं प्रेत, पाठमोरा हवालदार, हॉटेलात पलीकडच्या टेबलावर जेवणारा गिऱ्हाईक. एका सिनेमात ते दिसले म्हणून घरचे सगळे बघायला गेले, तर पडद्यावर त्यांचा कोपर तेवढा आला. तेव्हापासून घरात त्यांना लाडानं 'कोपर' म्हणायचे, आणि दाजीही हसायचे. ते कसं हसायचे, ते ताईला ठाऊक होतं. एकदा तरी यांचा चेहरा नीट दिसू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

अडचण एकच होती, आणि ती घराबाहेर कोणाला माहीत नव्हती. दाजींना कोंडलेली जागा सोसत नसे. तरुणपणी ते लिफ्टमध्ये अडकले होते. तेव्हापासून अंघोळीलाही ते दार नुसतं लोटून घ्यायचे, आणि कोणी आत येऊ नये म्हणून ताई बाहेर पाट टाकून भाजी निवडत बसायची. दार बंद झालं की त्यांचा आधी आवाज जायचा आणि मग श्वास. हे दिग्दर्शकाला कळलं तर काम हातचं जाणार. म्हणून दाजींनी ते सांगितलं नाही, आणि मिस्त्रीला बजावलं की तूही सांगू नकोस.

चित्रीकरण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताई गोदामात आली. तिनं मला आतून बाहेरून पाहिलं, कडी सरकवून बघितली, आणि भावाला म्हणाली, "कडीवर हात कोणाचा असणार?"

"माझाच," मिस्त्री म्हणाला.

"मग माझा जीव भांड्यात पडला," ती म्हणाली, आणि दोघांचे डबे तिथे ठेवून निघून गेली.

मेहुण्यांनी आपसात एक खूण ठरवली. आवाज गेला तर दाजींनी माझ्यावर खालच्या बाजूला, जमिनीलगत, तळहातानं दोन थापा मारायच्या. त्या ऐकल्या की मिस्त्रीनं कोणाला न विचारता कडी काढायची. सिनेमातला कैदी मुठीनं दार बडवणार होता, म्हणून तळहाताची थाप वेगळी ओळखू येणार होती. ठरवलं ते शहाणपणाचंच होतं.

पहिल्या तालमीतच दाजींना कसंतरी झालं. त्यांनी दोन थापा मारल्या, मिस्त्रीनं झटकन कडी काढली, आणि दाजी घामेजलेले बाहेर आले. दिग्दर्शक बाहेर कॅमेऱ्यातलं दृश्य दाखवणाऱ्या पडद्यासमोरून उठून धावत आला. हे काय केलंत तुम्ही आत्ता, असं त्यानं विचारलं. मिस्त्री तोंड उघडणार तोच दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले की मुठी दुखल्यावर कैदी दमून दाराला नुसतं थोपटतो, असं सुचलं आपलं. दिग्दर्शकाचे डोळे चमकले. वा, म्हणाला, हेच ठेवायचं, शेवटच्या प्रसंगात हेच, जमिनीवर पडून दोन थापा.

पाहिलंत, मित्रांनो? माणसाचा जीव वाचवायची खूण होती, ती यांनी गोष्टीत घालून टाकली.

त्या दुपारी दोघं माझ्यापाशी बसून जेवले. हे काम सोडा दाजी, असं मिस्त्री पुन्हापुन्हा म्हणत होता. दाजी ऐकेनात. आयुष्यात एकदा तोंड दिसतंय माझं, म्हणाले, आणि तू सोडा म्हणतोस. शेवटी त्यांनी खूण बदलली. दोन थापा सिनेमाच्या. तिसरी पडली तर ती खरी. मिस्त्रीनं मान हलवली, पण त्याचा घास बराच वेळ हातातच राहिला.

बरेच दिवस काम सुरळीत चाललं. छोटे प्रसंग असायचे, मी मिनिटा-दोन मिनिटांत उघडायचो. दाजी सुंदर काम करत होते. त्यांचा चेहरा पडद्यावर आला की चहावालाही किटली घेऊन थबकायचा. संध्याकाळी ताईचा फोन आला की मिस्त्री सांगायचा, ताई, दाजींनी आज सगळ्यांना रडवलं. मग ती ते पुन्हा एकदा सांगायला लावायची.

मग शेवटचा प्रसंग आला. तो न तोडता सलग घ्यायचा होता. आवाज स्वच्छ यावा म्हणून गोदामाचं शटर खाली ओढलं, पंखे बंद केले. दिव्यांनी खोली तापली होती. छतातल्या कॅमेऱ्याशिवाय आत फक्त दाजी होते. मिस्त्री माझ्या बाहेर कडीवर हात ठेवून उभा राहिला. दिग्दर्शकानं सगळ्यांना ताकीद दिली की मी कट म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही.

दाजी ओरडले, मुठींनी मला बडवलं, ते सगळं लिहिल्याप्रमाणे झालं. मग त्यांचा आवाज गेला. तेही लिहिलेलं होतंच. मग ते माझ्या पायाशी घसरले. मला थापेतला फरक कळतो, मित्रांनो, अंगावर झेलणाऱ्याला तो कळतोच. तालमीतल्या थापेमागे जोर असायचा, तो मोजून लावलेला असायचा. या वेळी एक थाप पडली, ती घामानं ओली होती. मग दुसरी पडली. मग तळहात माझ्यावर तसाच टेकून राहिला आणि हळूहळू खाली ओघळला.

बाहेर दिग्दर्शक पडद्याजवळ वाकून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मिस्त्रीची बोटं कडीवर पांढरी पडली होती. तो तिसऱ्या थापेची वाट बघत होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण दाराला कोणी मारल्याशिवाय आवाज फुटत नाही. आतल्या माणसात मारायची ताकद उरली नव्हती.

ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. दिग्दर्शकानं न बघताच त्यांना हातानं गप्प केलं. त्या थोडं थांबल्या, मग कानावरचं यंत्र काढून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आतून श्वास येत नाहीये."

मिस्त्रीनं कडी ओढली. मी उघडलो, आणि माझ्याबरोबर दाजींचा हात बाहेर पडला. ओठ निळे झाले होते.

"मी कट म्हटलं नव्हतं," दिग्दर्शक म्हणाला. हे त्याचं पहिलं वाक्य होतं. दुसरं वाक्य डॉक्टरांना बोलवा असं होतं, हे खरं, पण मला पहिलंच लक्षात राहिलं.

दाजी वाचले. म्हणजे दवाखान्यातून घरी आले. पण श्वास तुटल्यामुळे मेंदूला इजा झाली होती. आता ते शब्द शोधत बोलतात, आणि पाठ केलेलं एकही वाक्य त्यांच्या तोंडी राहत नाही. नटाला आणखी काय लागतं, सांगा. ताईला एवढंच सांगण्यात आलं की काम करता करता त्यांची तब्येत बिघडली, भावानं दार उघडलं म्हणून वाचले. खुणेचं काही सांगायचा मिस्त्रीला धीर झाला नाही. आणि तो प्रसंग? तो सिनेमात जसाच्या तसा ठेवला. दिग्दर्शक म्हणाला, त्यांचे कष्ट वाया कसे घालवायचे.

सिनेमा गाजला. एका खोलीत, एवढ्या कमी पैशांत केवढं उभं केलं, असं जो तो म्हणू लागला. शेवटच्या दोन थापांवर तर लोक फिदा झाले. चित्रपटगृहाच्या दालनात मला शोभेला उभं केलं. लोक रांग लावून माझ्यापाशी जमिनीवर बसायचे, तळहातानं दोन थापा मारायचे, फोटो काढायचे आणि हसत उठायचे. छोटी मुलं तर दोनावर थांबायचीच नाहीत. मला माझ्या उभ्या जन्मात एवढं कौतुक मिळालं नव्हतं, आणि प्रत्येक थापेला माझ्या अंगावर काटा येत होता.

अशाच एका खेळाला दिग्दर्शकानं दाजींना आणि ताईला मानानं बोलावलं. दाजी आत गेले नाहीत. चित्रपटगृहाची दारं लावतात, म्हणून ते दालनातल्या बाकावर बसून राहिले. ताई मात्र आत गेली आणि नवऱ्याचा चेहरा एवढा मोठा, एवढा स्पष्ट दिसताना तिनं पाहिला. शेवटचा प्रसंग संपताच ती बाहेर आली. मिस्त्री माझ्याजवळच उभा होता.

"ती थाप मारतानाचं तोंड मला माहीत आहे," ताई म्हणाली. "ते नाटक नव्हतं. तू दार का उघडलं नाहीस?"

मिस्त्रीनं खाली बघून सगळं सांगितलं. दोन सिनेमाच्या, तिसरी खरी. शेवटी तो म्हणाला, "ताई, मी तिसरीची वाट बघत होतो गं."

"हे आत तडफडत होते," ती हळू म्हणाली, "आणि तू मोजत होतास?"

ताईनं दाजींना दंडाला धरून उठवलं. दाजींनी मेहुण्याकडे बघून ओळखीचं हसू आणलं, कारण त्यांना त्यातलं काही आठवत नाही. मग ती दोघं रस्त्यावर गेली. रस्त्यावर दारं नसतात, म्हणून दाजी चालताना मोकळे दिसत होते.

सिनेमा उतरल्यावर मीही उतरलो. आता मी गोदामामागे भिंतीला टेकून आहे. रंगारी माझ्यावर ब्रश पुसतात. कडी तेवढी चांगली म्हणून कोणीतरी काढून नेली. मिस्त्री क्वचित येतो, माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, इथं खरं म्हणजे मी म्हणायला हवं की जुन्या वस्तूंची निगा राखा. माझी नका राखू, मी त्या लायकीचा नाही. माझं मागणं दुसरंच आहे. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी दारं बनवतील, कोणी दाराबाहेर उभे राहतील, कोणी पडद्यावर आतल्या माणसाला बघत बसतील. आतून थाप आली तर ती खरी का खोटी, दुसरी का तिसरी, हे ठरवत बसू नका. आधी उघडा. खोटी निघाली तर फार तर एक प्रसंग वाया जाईल, तो पुन्हा घेता येतो.

ताईनं भावाला अजून घरात घेतलेलं नाही. तो अधूनमधून तिच्या दारात जाऊन उभा राहतो, कडी वाजवतो, आणि आतून तिच्या पावलांचा आवाज दारापर्यंत येऊन थांबतो.