ढब्बूने मान फिरवल्यावर

दर मंगळवारी अकरा वाजता एक विद्यार्थिनी यायची, ढब्बूसमोर तासभर बसायची आणि निघून जायची. तान्ह्या मुलांच्या मनाचा अभ्यास, असा तिचा पदवीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स होता. ढब्बू तीन महिन्यांचा. मन राहू दे, त्याला अजून मानही धड धरता येत नव्हती.

कोर्सचे नियम कडक होते. बाळाला उचलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, तिथे बसून लिहायचंही नाही. नुसतं बघायचं आणि घरी गेल्यावर आठवून लिहायचं.

"एवढ्यासाठी कॉलेज?" ढब्बूची आजी म्हणाली. "आमची शेजारीण हेच फुकटात करते. वर सल्लाही देते."

ढब्बूची आई हसली नाही. तिचं दुखणं वेगळं होतं. ढब्बू आजीकडे बघून हसायचा, पंख्याकडे बघून हसायचा, मीटर तपासायला आलेल्या माणसावर तर त्याने जीवच टाकला होता. आईने तोंड जवळ नेलं, की क्षणभर बघायचा आणि मान फिरवायचा.

"याला मी आवडतच नाही," असं म्हणत ती उसनं हसायची आणि काहीतरी काम काढून आत जायची.

विद्यार्थिनीने हे चार आठवडे इमानेइतबारे लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं.

"मान फिरवली. मग?" मॅडमनी विचारलं.

"मग आई उठून गेली. डोळे भरून आले होते त्यांचे."

"आणि बाळ?"

विद्यार्थिनीने पानं उलटली. अडतीस पानं होती. त्यांत आईचा सुस्कारा होता, दाराच्या बिजागरीची कुरकुरही होती. बाळ तेवढं नव्हतं.

"खुर्चीवरून न उठता तू दर वेळी आईच्या मागे आत गेलीस," मॅडम म्हणाल्या. "माझंही असंच व्हायचं. आता जरा बाळापाशी थांब."

पुढच्या मंगळवारी आई वाकली, ढब्बूने बघितलं आणि भिंतीकडे मान फिरवली.

"बघितलंत?" म्हणत आई आत गेली.

तिच्या मागे बघायचा मोह इतका, की विद्यार्थिनीने खुर्चीचे हात घट्ट धरले. ढब्बूने जांभई दिली. मूठ चोखली. मग घोटभर पाणी पिऊन माणूस परत कामाला लागतो, तसं त्याने तोंड वळवलं. आई होती तिथे आता उशी होती. त्याने उशीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

"ताई, परत या! तो तुम्हाला शोधतोय."

"अगं बाई, ही बोलते!" आजी दचकली.

आई ओल्या हातांनीच आली, वाकली. ढब्बूने पुन्हा मान फिरवली. तिचा चेहरा उतरला, ती उठायला लागली.

"बसा ना. दमतो तो. दम खाऊन परत येतो."

"तुम्ही सल्ला द्यायचा नाही ना?"

"नाही द्यायचा."

आई बसली. आजीसुद्धा गप्प राहिली, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. ढब्बूने विकत घ्यायची असल्यासारखी सगळी भिंत निरखली. मग सावकाश वळला. आईचा चेहरा ठेवला होता तिथेच सापडला, तेव्हा तो बोळकं पसरून असा हसला, की मीटरवाल्यालाही तसं हसू मिळालं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याची मान पुन्हा भिंतीकडे गेली. आई हलली नाही.

"जाऊन ये," ती हळूच म्हणाली. "मी आहे इथेच."