पायाळूची कंबर

सरूने साडीचा घोळ वर खोचला आणि दाजींच्या कंबरेवर उजवा पाय ठेवला.

दाजी गागोद्याहून पहिल्या गाडीने आले होते आणि गडबला सरूच्या घरी पडवीत चटईवर पालथे पडले होते. परवा भाताचं पोतं उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली होती, आणि उसणीवर औषध म्हणजे पायाळूची लाथ, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. सरू जन्मताना आधी पाय बाहेर आले, मग डोकं. तेवढं शिक्षण तिला जन्मभर पुरलं होतं.

“जोर दे गो,” खुर्चीत बसलेली तिची सासू, धोंडुबाई, म्हणाली. “उपाशी हायस काय?”

सरूने जोर दिला. किती दिला ते तिचं तिलाच कळलं नाही. दाजी असे ओरडले की परसातल्या कोंबड्या फडफडल्या.

“निघाली!” भिंतीला टेकून बसलेली माणसं एका सुरात म्हणाली. “उसण निघाली!”

ओरडला म्हणजे गुण आला, अशी इथली समजूत. पाय उजवाच पाहिजे आणि तीनदाच पडला पाहिजे, ही रीत. आणखी दोनदा पाय पडला, दाजी आणखी दोनदा ओरडले, आणि दोघांनी धरून उभं केलं तेव्हा बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू होतं. पायाळूने पैसे घ्यायचे नसतात. पण कोहळा, वालाच्या शेंगा, पपई यांना कोण नको म्हणतंय? रविवारी दुपारपर्यंत धोंडुबाईच्या खुर्चीशेजारी बाजार भरायचा. लोक लाथ सुनेची खायचे आणि पाया सासूच्या पडायचे.

सरू आत आली आणि मोरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. उजवा पाय जमिनीवर टेकलाय की नाही, ते तिने खाली बघून ठरवलं.

बारा वर्षं ती पेणला गणपतीच्या कारखान्यात जात होती. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती उचलायच्या आणि माळ्यावर वाळत लावायच्या. कंबरेत वाकून, हात लांब करून, एका वेळी दोन-दोन. घरी आल्यावर हंडे होते, लाकडाचे भारे होते. तीन वर्षांपासून कंबर ठणकत होती. दिवाळीपासून कळ मांडीतून पोटरीत उतरायला लागली, रात्रभर कूस बदलायची सोय राहिली नाही. मग एक दिवस कळ थांबली. सरूला केवढा आनंद झाला! वेडी गं वेडी. कळ थांबली नव्हती, पाय मरत चालला होता. पेणच्या बाजारात एकदा तिची उजवी चप्पल गळून पडली, आणि एसटी स्टँडवर एका बाईने हटकेपर्यंत तिला पत्ता नव्हता.

घरी सांगून बघितलं होतं तिने.

“पायाळूची कंबर दुखते व्हय?” धोंडुबाई पोट धरून हसली होती. “कोन ऐकल तर शेण घालंल तोंडात. गप काम कर.”

शेवटी, दाजी येऊन गेले त्या आठवड्यात, कारखान्यातल्या नमिताने तिला ओढतच फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं. तिथली ईरा मॅडम वयाने सरूच्या भाचीएवढी. तिने सरूला डोळे मिटायला लावले, उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला आणि विचारलं, वर केला की खाली? सरूने दरवेळी अंदाजाने सांगितलं आणि बहुतेक वेळा चुकलं. टाचांवर चालायला लावलं तेव्हा उजवं पाऊल फरशीवर पट्‌पट आपटत राहिलं.

“दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते,” ईरा म्हणाली. “ती सरकून नस दाबतेय. इतकी वर्षं वाकून वजन उचललंत? गुडघ्यात बसायचं, वस्तू पोटाशी धरायची आणि पायांच्या जोरावर उठायचं, हे कोणी सांगितलं नाही?”

“कोन सांगनार?”

“बहुतेकांची कंबर व्यायामाने बरी होते हो. महिना-दीड महिना लागतो. पण तुमचं पाऊल पडायला लागलंय. मंगळवारी पनवेलला एमआरआय करा, लगेच सर्जनला दाखवा. ऑपरेशन लागेल बहुतेक. उशीर केलात तर हे पाऊल कायमचं लोंबणार. आणि लघवीची जाणीव गेली, तर त्याच दिवशी धावत यायचं.”

सरूने मान खाली घालून रविवारचं सांगितलं. ईरा हसली नाही.

“साधी उसण चार दिवसांत आपली आपण जाते. नाव तुमच्या पायाचं होतं. पण म्हाताऱ्या माणसांची हाडं पापडासारखी झालेली असतात. तुम्हाला तर वजनच कळत नाही. मोडायला एक लाथ पुरे होईल. बंद करा ते, आजपासून.”

चिठ्ठी घेऊन सरू घरी आली. तिचा नवरा कमळाकर कंपनीच्या शिफ्टवरून येऊन जेवत होता. त्याने चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही, डाव्या हाताने आईकडे सरकवली. लग्न झाल्यापासून सगळे कागद तो आईकडेच सरकवत आला होता.

“पाय मेलाय म्हनं,” धोंडुबाई म्हणाली. ती गोधडी शिवत बसली होती.

सरू पाठमोरी होऊन भाकरी थापायला लागली. थोड्या वेळाने तिला टाचेजवळ फरशीवर लाल थेंब दिसले. तिने मागे बघितलं. गोधडीची सुई धोंडुबाईच्या हातात होती आणि टोकाला रक्त होतं. एक नव्हे, सरूच्या उजव्या टाचेवर तीन-चार ठिकाणी टोचलं होतं तिने. म्हातारीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिला कळलं होतं. सरूने ते डोळ्यांनी बघितलं, तिला अगदी नीट कळलं होतं.

“सोंग!” धोंडुबाई म्हणाली. सुई तिने पदराला पुसली. “दात खाऊन सोसते, दुसरं काय. आन् कंबर कापून घेतलीस तर उद्या दारात कुत्रं तरी येल का? म्हनतील, हिचीच कंबर गेली, ही काय आमची उसन काढनार! चार लोकांत मान हाय आमाला.”

“आई म्हनते त्यात खोटं काय हाय?” कमळाकर म्हणाला आणि हात धुवायला उठला.

सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना धोंडुबाईने ती चिठ्ठी बंबात घातली.

मंगळवार गेला, मग दुसराही गेला. ईरा मॅडमचा नमिताकडून दोनदा निरोप आला. घरच्या माणसाला घेऊन या म्हणे! घरचं माणूस कुठून आणायचं? तिसऱ्या आठवड्यात सरूचं पाऊल उंबऱ्याला अडायला लागलं. रविवार मात्र एकही चुकला नाही.

त्या रविवारी पडवी माणसांनी फुलली होती. दाजीही आले होते, ठणठणीत होऊन, भलाथोरला कोहळा घेऊन. कोहळा बघून धोंडुबाईला राहवेना. ती खुर्चीत बसल्याबसल्याच वाकली, हात लांब केले आणि कोहळा उचलला. कोहळा जेमतेम वीतभर वर आला आणि पुन्हा खाली पडला. म्हातारी वाकली ती वाकलीच.

“आई गं! मेले गं!”

क्षणभर सगळे घाबरले, मग हसायला लागले.

“घाबरता कशाला?” दाजी म्हणाले. “डॉक्टर घरातच हाय की! माझी निघाली, तुमची नाय निघनार? सरू, ये गो भायेर!”

चौघांनी मिळून धोंडुबाईला चटईवर पालथं घातलं. नको म्हणायला तिला वाव कुठे होता? जी लाथ तिने वीस वर्षं गावाला वाटली, ती स्वतःला नको कशी म्हणणार? सरू बाहेर आली. भिंतीला एक हात लावून तिने साडी खोचली.

“सरू,” चटईत तोंड खुपसून धोंडुबाई पुटपुटली, फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “डाव्या पायानं दे गो. हळू दे, बाय माझी.”

लग्न होऊन आल्यापासून बाय माझी म्हणून कोणी हाक मारली नव्हती या घरात. सरूच्या अंगाचा भडका उडाला.

“डाव्या?” ती मोठ्याने म्हणाली. पडवीतल्या माना वळल्या. “उजव्याला काय झालंय, आई?”

धोंडुबाईने तोंड चटईत आणखी खुपसलं.

“सांगा ना. सगळे हायत हितं. माझ्या उजव्या पायाला काय झालंय ते तुमच्या तोंडानं सांगा. लगेच आत जाते मी.”

खरंच गेली असती ती. म्हातारीने एक शब्द उच्चारला असता तर आत जाऊन पिशवी भरली असती, पनवेलची गाडी धरली असती, आणि म्हातारीचं सगळं मागचं माफ केलं असतं. ती वाट बघत उभी राहिली. धोंडुबाईने कष्टाने मान वळवली. भिंतीला टेकलेली माणसं, शेंगांचे ढीग, रिकामी खुर्ची, सगळं तिने बघून घेतलं.

“काय नाय झालं,” ती म्हणाली. “दे.”

सरूने खाली बघून पाऊल कंबरेच्या मधोमध बसवलं. ईरा मॅडमने सांगितलेलं तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तिने भिंतीवरचा हात काढला आणि सगळं अंग त्या पायावर टाकलं.

पायाला काही कळलं नाही. कानांना मात्र कळलं.

धोंडुबाईच्या तोंडून जे निघालं ते ऐकून कोंबड्या परस सोडून पळाल्या.

“निघाली!” सगळी पडवी आनंदाने ओरडली. दाजींनी तर टाळी वाजवली. “निघाली, निघाली!”

सरूने पाय उचलला. रीत तीनदाची होती, अजून दोनदा द्यायचा होता.