कापसाच्या खोलीतली बाज

मी एक जुनी बाज आहे. बाळापूरकडच्या एका खेड्यात, भगवंतरावांच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असते. मित्रांनो, बाजेला डोळे नसतात. पण अंगावर निजलेल्या माणसाचा श्वास तिला नीट कळतो. जे मला कळले ते सांगते.

जानराव सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवली. भगवंतरावांचा मुलगा गोवर्धन याने अंबाडीच्या दोरीने विणली. त्या काळी माझी निगा चांगली होती. दोर सैल पडले की लगेच ताणले जात, कारण झोळीसारख्या बाजेवर निजले की सकाळी कंबर धरते. अधूनमधून मला दिवसभर उन्हात टाकत आणि ढेकूण होऊ नयेत म्हणून सांध्यांत कढत पाणी ओतत. गोवर्धनची आई पार्वताबाई हे काम दुसऱ्या कोणाला देत नसे. पाहुणे माझ्यावर बसले की म्हणत, "बाज असावी त अशी!"

मग समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला भलताच मान आला. आठवडी बाजारातून येणारा प्रत्येक जण चढता भाव सांगे. भगवंतराव म्हणत, "थांबा. अजून चढून राहिला." वेचलेला कापूस घरात येत गेला आणि विकला मात्र गेला नाही. आधी पुढच्या दारालगतची ढेलज भरली, मग माजघर. ठिणगी उडू नये म्हणून चूल अंगणापलीकडे गोठ्याशेजारी गेली, आणि घरातली माणसे निवलेले अन्न खाऊ लागली. मला उन्हात न्यायला वाट उरली नाही. मी मागच्या खोलीत राहिले.

त्याच खोलीत गोवर्धनची बायको जमुना बाळंत झाली. मुलगी झाली. खोलीत एका बाजूला मी, बाकी सगळा कापूस. ढीग चढत चढत झरोक्यापर्यंत गेला होता आणि झरोका बुजला होता. पार्वताबाईला त्यात वावगे वाटले नाही. उलट ती म्हणाली, "बरंच झालं, बाप्पा. बाळंतिणीले वारा नाही लागत." एरवी बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाचे निखारे ठेवत. या वेळी भगवंतरावांनी निखारा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

जमुनाला खोकला लागला. पहिल्यांदा सुका, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा. तिचा श्वास आखूड झाला; पाठ टेकवली की तो अडके, म्हणून ती माझ्यावर बसूनच झोपू लागली. मुलीच्या ओल्या नाकाला तंतू चिकटत. ती दूध ओढता ओढता शिंके आणि तोंड सोडून देई. अडुळशाचा काढा झाला, मध झाला, नजरही उतरवून झाली. जमुनाचे दूध कमी होत गेले. मुलगी हलकी होत होती, हे घरात माझ्याइतके कोणाला कळले नसेल.

एका दुपारी जमुना सासूला म्हणाली, "आत्याबाई, मले गोठ्यात नेऊन टाका."

"काय बोलतं वो! गावात काय म्हनतीन? भगवंतरावाच्या घरी लक्ष्मी मावत नाही, अन् सून ढोरात?"

"ढोरं तरी मोकळा श्वास घेऊन राहिले ना."

पार्वताबाईने बुजलेल्या झरोक्याकडे पाहिले. मग ओसरीवर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "ते खोली खाली करा. पोरीचा जीव गुदमरून राहिला."

"कापसानं कोनी मरते का? आमी लहानपनी कापसातच लोळलो."

"लोळले असान. आज झोपून दाखवा मंग."

"दाखवतो! त्यात काय?"

जमुना मुलीला घेऊन दाराबाहेर सरकली आणि भगवंतराव माझ्यावर आडवे झाले. माणूस वजनदार; मी करकरले. त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितले. थोडा वेळ ते घोरण्याचे सोंग करत पडले. मग नाक चोळू लागले. मग शिंकले, आणि त्या शिंकेने ढिगावरची धूळ उठली ती त्यांच्याच छातीत गेली. खोकत खोकत ते उठून बसले. तरी बाहेर जाईनात. अभिमान आडवा आला. हाताने माझी दांडी घट्ट धरून बसून राहिले. बाहेर मुलगी खोकली. एवढासा खोकला, त्यांच्यासारखाच. मग मात्र ते उठले.

भुवया पांढऱ्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. "गोवर्धन, गाडी जुंप!"

"आज? बाबा, भाव त अजून चढून..."

"बाजार तुले कळते का मले?"

पार्वताबाई पदराआडून म्हणाली, "डोये पुसा आंधी. बाजारात लोक इचारतीन, कोन मेलं म्हनून."

घरातला सगळा कापूस विकला गेला आणि खोली रिकामी झाली. पार्वताबाईने ती झाडून सारवली आणि झरोका स्वतःच्या हाताने मोकळा केला. मला उन्हात काढले. चूल घरात आली, धूर गेलेले निखारे माझ्याखाली आले, जमुनाला ऊन ऊन जेवण मिळू लागले. खोकला लगेच गेला नाही. बरेच दिवस रेंगाळला. पण एका सकाळी ती माझ्यावर पाठ टेकून, सरळ, गाढ झोपली होती आणि मुलगी पोट भरून तिच्या कुशीत पडली होती. पुढे कापसाचा भाव आणखी चढला. भगवंतरावांनी ते ऐकले आणि पान खायला घेतले.

ती मुलगी माझ्यावर नाचून नाचून दोर तोडून मोठी झाली. आता मला कोणी ताणत नाही. माझे काही अडत नाही. लाकूड आहे, एक दिवस चुलीत जाईन. पण मित्रांनो, तुमच्या घरी कोणी फार दिवस खोकत असेल, तर वैद्याला जरूर बोलवा आणि काढाही द्या. त्याबरोबर एवढे करा: तो माणूस जिथे निजतो तिथे, दार लोटून, एक दुपार तुम्ही निजून पाहा.