भांबुर्ड्याच्या बांधावरचं मडकं

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे. पाण्याचं नाही आणि लोणच्याचंही नाही. मी पोपटीचं मडकं आहे! हे ऐकून पेण-रोह्याकडच्या मुलांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. बाकीचे विचारतील, पोपटी म्हणजे काय रे बाबा? तर आधी तेच सांगतो.

आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्या शेंगा भरतात. त्या शेंगा माझ्या पोटात भरायच्या, त्यात जाडं मीठ, ओवा, थोडे कांदे-बटाटे टाकायचे. पाणी मात्र थेंबभरही घालायचं नाही. तळाशी आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा हिरवा पाला गच्च कोंबायचा. मग मला शेतात पालथं ठेवायचं आणि भोवती गोवऱ्या, पेंढा रचून पेटवून द्यायचं. भांबुर्डा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं एक तण. त्याच्या ओलाव्यावर शेंगा शिजतात आणि त्याचाच वास त्यांना लागतो. भांबुर्डा नसेल तर ती पोपटी नव्हे, नुसत्या भाजलेल्या शेंगा.

माझा जन्म पेणकडच्या जिते गावाजवळच्या केरू कुंभाराच्या चाकावर झाला. तेव्हा रोह्यापर्यंत रेल्वे येऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या शेजारी हमरापुरात मातीचे गणपती घडतात. त्यांचा थाट काय वर्णावा! त्यांना रंग मिळतो, डोळे मिळतात, लोक त्यांना वाजतगाजत घरी नेतात. माझ्या वाट्याला आली भट्टी आणि काळा रंग. पण मी कधी तोंड पाडून बसलो नाही, कारण मला गिरजाबाईने निवडलं होतं.

गिरजाबाई रोह्याकडच्या खांब गावाजवळच्या एका वाडीतली शेतकरीण. माहेर जित्याचं, म्हणून भेटीला आली की केरूकडे डोकावायची. तिने टिचकी मारून सगळी मडकी तपासली आणि माझ्यापाशी थांबली.

“ह्ये टणटणीत हाय. ह्येच दे,” ती म्हणाली.

ते शब्द मी जन्मभर जपले. वर्षातले बहुतेक महिने मी माळ्यावर कोळिष्टकांत पडून असायचो, कोणी ढुंकूनही बघायचं नाही. पण पौष लागला की गिरजाबाई शिडी लावायची आणि मी राजासारखा खाली उतरायचो.

अशाच एका पोपटीला पेणच्या शाळेतल्या वृंदाबाई कुणा पाहुण्यांबरोबर आल्या. वर्गात झाडापानांचे धडे शिकवून कंटाळलेल्या बाई होत्या त्या. गिरजाबाई अंधारात नुसत्या वासावर भांबुर्डा खुडते हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. “माझी मुलं इथं आणू का हो?” त्यांनी विचारलं.

“आणा की,” गिरजाबाई म्हणाली. “पन नुसती खायाला नको, कामाला आणा. राबंल त्यालाच पोपटी.”

झालं! त्या वर्षापासून दर थंडीत लाल एसटी भरून पोरं यायला लागली. मुलांनीच त्या दिवसाला नाव दिलं, शिवारशाळा. आणि मित्रांनो, ती शाळा होती बरं का, सहल नव्हती. भरलेली शेंग कोणती आणि पोचट कोणती हे बोटांनी चाचपून ओळखायचं. डोळे मिटून चार पाले हुंगायचे आणि त्यातला भांबुर्डा सांगायचा. खुडायचा तो फक्त शेंडा, मूळ हलवायचं नाही. फुलावर आलेलं रोप बी धरण्यासाठी सोडून द्यायचं. विस्तवाआधी भोवतालचं गवत काढून जमीन ओली करायची, म्हणजे आग डोंगराला जायला नको. आणि शेवटी राख शेतात पसरून तिच्यावर तळहात टेकता आल्याशिवाय कोणी एसटीत चढायचं नाही. मुलं घरी जाताना त्यांच्या हातांना भांबुर्ड्याचा वास असायचा. या सगळ्याच्या मधोमध मी असायचो, पालथा पण ताठ. मी होतो म्हणून ती शाळा भरत होती, असं मी म्हटलं तर त्याला गर्व म्हणू नका. म्हटलंत तरी चालेल.

मग एका पावसाळ्यात गिरजाबाई गेली. माळ्यावर मला ते कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझी माती झाली. पण थंडी आली तशी तिची सून मैना शिडी चढली. तिने मला पदराने पुसलं आणि म्हणाली, “आईंची पोपटी मी बंद पडू देणार नाय.”

मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्याच आठवड्यात वृंदाबाई घरी आल्या. चेहरा उतरलेला होता. शाळेत कमळाकर सर नावाचे नवे मुख्याध्यापक आले होते. शेंगा खायला एसटी करून कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

“यंदा ते स्वतः येणार आहेत, मैनाताई,” बाई म्हणाल्या. “मुलं नुसती बसून खाताना दिसली तर पुढच्या वर्षीपासून शिवारशाळा बंद. सगळं नीट व्हायला हवं हो.”

“काळजीच करू नका, बाई,” मैना म्हणाली. “असं करते की सर बघतच राहतील.”

आणि मैनाने कंबर कसली. आता आमच्या बायांचं नीट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणा यायचा म्हटलं की घरदार झाडून, सारवून लख्ख! मैनाने शेत अंगणासारखं केलं. कोयता घेऊन एकेक बांध तासला, तण उपटून पेटवून दिलं. पाहुण्यांच्या पोरांना त्रास नको म्हणून शेंगा आधीच तोडून टोपलीत भरल्या. भांबुर्डासुद्धा आदल्या दिवशीच खुडला आणि भारा बांधून ठेवला उन्हात, पत्र्यावर! मी ओसरीवरून बघत होतो. अगो बाय, काय करतेस हे, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मडक्याचं तोंड बोलायला थोडंच असतं?

दुसऱ्या दिवशी एसटी आली. मुलं उड्या मारत उतरली आणि शेतापाशी येऊन थबकली. तोडायला शेंगा नव्हत्या आणि खुडायला पाला नव्हता. बांध तर तळहातासारखे गुळगुळीत.

कमळाकर सरांनी सगळीकडे नजर फिरवली. उंच, करड्या केसांचा माणूस, आवाज शांत. “छान व्यवस्था आहे,” ते म्हणाले. “पण बाई, मग ही मुलं इथं करणार काय? बसून खाणार?”

इतक्या वर्षांची शाळा वृंदाबाईंच्या डोळ्यांदेखत संपत होती. मैनाने घाईघाईने पत्र्यावरचा भारा काढला, तर पाला वाळून कुरकुरीत झालेला. हातात घेताच त्याचा चुरा झाला.

“ह्यानं काय शिजणार नाय,” ती पुटपुटली. “बाई, मी चांगलं करायला गेले वो…” आणि ती मटकन बांधावर बसली.

वृंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मुलांकडे. आणि एकदम पदर खोचला. “मुलांनो, पाला नाही तर पोपटी नाही. भांबुर्डा शोधायचा. ओढ्याकडे जा, पडीक रानात जा, रस्त्याच्या कडेला बघा. डोळे कमी वापरा, नाक जास्त!”

पोरं पांगली. सर आंब्याखाली बसले आणि घड्याळ बघू लागले. मी रिकाम्या पोटी उन्हात बसलो होतो. मित्रांनो, आगीत मला कधी भीती वाटली नाही, पण त्या दिवशी वाटली. पहिली टोळी आली ती रानमोडी नावाचं भलतंच तण घेऊन. दुसरी आली हात हलवत, शेजाऱ्याच्या बांधांवर म्हणे औषध मारलेलं. तिसऱ्या टोळीने तर तुळसच आणली कुणाच्या तरी दारची, आणि बाईंच्या शिव्या खाल्ल्या. पण बाई प्रत्येक पाला चुरगळून हुंगायला लावत होत्या, हा कोणता, तो कोणता, विचारत होत्या. ऊन उतरणीला लागलं तसे सर उठले.

“बाई, मला वाटतं आता निघावं.”

तेवढ्यात हमरापूरची सरू धापा टाकत आली. मूर्ती रंगवणाऱ्यांच्या घरातली पोर, बोटांना कायम कुठला तरी रंग लागलेला. ती सरळ सरांपुढे गेली आणि तिने आपला तळहात त्यांच्या नाकाशी धरला.

“सर, हाच का?”

सरांनी श्वास घेतला. परत घेतला.

“माझी आजी…” ते म्हणाले. “रोह्याला आमचं शेत होतं. विकलं त्याला किती वर्षं झाली. हा वासच विसरलो होतो गं मी. कुठं सापडला?”

“ओढ्यापलीकडच्या पडीक रानात. एकच रोप हाय.”

“एक असतं तिथं चार असतात. चल, दाखव!” सरांनी पँट दुमडली, बूट आंब्याखाली सोडले आणि पोरांच्या पुढे पळत सुटले. मैना रडता रडता हसायला लागली.

पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. “सर, मुळासकट नाय! शेंडा खुडायचा!” असं सरू ओरडली, तर “बरं, बरं, चुकलो!” असा सरांचा आवाज आला. थोड्या वेळाने सगळी वरात परतली. प्रत्येकाच्या हातात चार-चार शेंडे, त्याहून जास्त कोणाच्याच नाहीत. फुलावरची रोपं त्यांनी तशीच सोडली होती. पण सगळ्यांचे शेंडे एकत्र झाले तेव्हा माझं पोट आणि तोंड दोन्ही भरलं. असा कष्टाचा पाला मी जन्मात खाल्ला नव्हता.

मग जमीन ओली झाली, पेंढा रचला गेला आणि मी पेटलो. लोक म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी फुकट जातं. आमच्याकडे तसं नाही हं! पोपटी झाली की नाही हे पालथ्या मडक्यावर पाणी शिंपडूनच कळतं. चार थेंब शिंपडायचे, चर्र आवाज होऊन ते उडाले की झाली पोपटी. त्या दिवशी तो मान मैनाने सरांना दिला. आणि सरांनी काय केलं असेल? आनंदाच्या भरात अख्खा तांब्या ओतला माझ्यावर!

तडाक्! खांद्यापासून बुडापर्यंत मला चीर गेली.

पण शेंगा मात्र अशा शिजल्या होत्या की काय सांगू! मला रिकामं केलं तशा पाल्याच्या राशीतून वाफा निघाल्या आणि पोरं तुटून पडली. सरांनी पहिली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून घेतले.

“बाई,” ते म्हणाले, “पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्या आणा. आणि मैनाताई, तुम्ही काही म्हणजे काही तयारी करायची नाही.”

वृंदाबाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. माझ्याभोवतीची राख अजून गरम होती, पण मला थंडगार वाटलं.

मैना मात्र माझ्यापाशी बसून रडत होती. “आईंचं मडकं गेलं.”

“माझी चूक,” सर म्हणाले.

“नाय सर, माझी. मीच बांध तासले. आता एक बांध मी भांबुर्ड्याला सोडणार, त्याला कोयता लावणार नाय.” मग ती जरा थांबून म्हणाली, “पन माजा हात माजं ऐकंल तर ना! तण दिसलं का वळवळतो मेला.”

“मग राखणीला कोनी तरी ठेवा ना, काकी,” सरू म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

तिने मला उचललं. मैनाने चुना दिला, काळा रंग तर माझ्याच जाळातल्या कोळशाचा. सरूने चीर लपवली नाही, तिचंच लांब नाक केलं. मग भुवया, मिशा. “आमच्याकडं डोळे शेवटी काढतात,” असं म्हणून तिने श्वास रोखला आणि माझे डोळे उघडले. हमरापूरच्या गणपतींना मिळतात तसे! मला काठीवर चढवून त्या बांधावर उभं केलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेव्हापासून मी इथंच आहे, मित्रांनो. पोपटीला आता नवं मडकं असतं, बरं आहे बिचारं. पाऊस माझा चुना धुऊन नेतो, म्हणून दर थंडीत शिवारशाळेतलं एखादं पोर नवे डोळे काढतं. त्यामुळे मी एखाद्या वर्षी रागीट दिसतो, तर एखाद्या वर्षी चक्क तिरळा. पाखरं मला मुळीच घाबरत नाहीत. खुशाल डोक्यावर बसतात. पण मी पाखरांसाठी उभा नाहीच. मैना कोयता घेऊन बांध तासत तासत माझ्यापर्यंत येते, माझ्या डोळ्यांत बघते आणि हसून मागे फिरते. माझ्या पायाशी भांबुर्डा कमरेएवढा वाढलाय. सगळ्या गावची बुजगावणी पिकाची राखण करतात. तणाची राखण करणारं बुजगावणं पंचक्रोशीत मी एकटाच.

तुम्ही आलात तर या बांधावर जरूर या. आणि एक एवढं ऐका या फुटक्या मडक्याचं. काहीही उपटण्याआधी त्याचं एक पान चुरगळा आणि एकदा वास घेऊन बघा.