तळाला बसलेला साका

मित्रांनो, मी एक जुना मॅग्नेटिक स्टिरर आहे. नाव ऐकून बिचकू नका, माझं काम तुमच्या आईच्या रवीचंच. फरक एवढाच, की माझा हात कोणाला दिसत नाही. माझ्या पोटात एक चुंबक फिरतं आणि वर ठेवलेल्या चंचुपात्रातली कॅप्सूलएवढी पांढरी कांडी त्याच्यामागे गरगर फिरते. जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला, आयुष्य मात्र उज्जैनच्या एका फार्मसी कॉलेजात गेलं. नवा होतो तेव्हा रोज माझ्यावर फडका फिरायचा आणि पाहुणे आले की मला चालू करून दाखवायचे. पुढे कोणीतरी आम्ल सांडलं, माझी पाटी गंजली, बटणाचं टोपण हरवलं. आता पक्कडीने माझा कान पिळतात तेव्हा मी सुरू होतो. असो. मला माझं रडगाणं गायचं नाही.

मला मृण्मयीबद्दल सांगायचं आहे. ती इथे संशोधन करायची. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान नावाची पूड मिळते. ती सौम्य आम्लात विरघळवून पात्र माझ्यावर ठेवायचं आणि वरून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं. निवळ पाणी हळूहळू दुधाळ निळसर होतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण तयार झालेले असतात. त्या कणांत औषध बसवायचं आणि मधुमेहाने चिघळलेल्या जखमांवर लावायचं, असा तिचा बेत होता. अशी जखम तिच्या घरातच होती. बँकेतून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या, डाव्या पायाच्या अंगठ्याला.

एकदा अण्णा स्वतः आले. पायाला पट्टी, हातात काठी. माझ्यासमोर स्टुलावर बसून ते कौतुकाने पाहत राहिले.

"कशाचं असतं गं हे?"

"कोळंबीच्या टरफलांचं, अण्णा."

त्यांच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य. अण्णांनी एकदा पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "चलेगा. पायालाच तर लावायचंय, पोटात थोडीच जातंय!"

"पण अभी उंदरांवरसुद्धा लावलं नाहीये. टाइम लागेल."

"लागू दे ना. मी कुठे पळून चाललोय?"

दोघंही हसली. मीही हसलो होतो. आता ते हसणं आठवलं, की माझ्या पोटातलं चुंबक जड होतं.

कण केवढे झाले ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. नमुना थर्मासात बर्फावर ठेवून मृण्मयी नानाखेड्याच्या बसस्थानकावरून इंदूरची बस धरायची. दर वेळी तिथलं उत्तर वाईट यायचं. कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झालेले असायचे. तिचे मार्गदर्शक पराग सर म्हणायचे, "बसने हिलवून हिलवून गुठळ्या केल्या असतील. तिथे पोचलीस की छानून घे, मग माप."

बिचारी बस! दोष द्यायला बरी, उलट बोलत नाही. मृण्मयीने नमुना बारीक गाळणीतून गाळला. गोळे गाळणीत अडकले आणि खाली उतरलेले बारीक कण तेवढे मोजले गेले. आलेखावर एकच सुरेख सुळका उमटला, म्हणजे सगळे कण एकसारखे. सर खूश झाले, परिषदेत टाळ्या पडल्या. औषधाचा मोठा वाटा मात्र फेकून दिलेल्या गोळ्यांतच गेला होता.

त्याच द्रावणाचा अर्धा भाग इथे माझ्याजवळ राहिला होता. त्याने बस पाहिलीही नव्हती. तरी काही दिवसांत त्याच्या तळाला पांढरा साका बसला. मृण्मयीने पात्र उजेडात धरलं. तिला सगळं कळलं, मी तिचा चेहरा पाहिला ना! तिने पात्र मोरीत पालथं केलं, वर नळ सोडला आणि कोणाला काही बोलली नाही.

मी तिला वाईट म्हणणार नाही. तो आलेख तिने आनंदाच्या भरात अण्णांना पाठवला होता आणि अण्णा तो मोबाइलवर घेऊन अख्ख्या कॉलनीला दाखवत होते. डॉक्टर म्हणाले, अंगठा लगेच काढायला हवा, विष वर चढेल. अण्णांनी त्यांनाही तोच आलेख दाखवला. "बिटिया की दवा बन रही है, साहब. थोड़ा रुकते हैं."

हे मला कळलं ते तिच्या आईच्या फोनमुळे. कुसुमताई रडत होत्या. "अगं, तू तरी समजाव त्यांना. फक्त तुझंच ऐकतात."

"घरी येऊन बोलते," मृण्मयी म्हणाली. घरी ती गेली, पण खरं काय ते तिच्या तोंडून निघालं नसावं. पुढच्या फोनमध्येही कुसुमताई तेच सांगत होत्या. त्यानंतर बरेच दिवस प्रयोगशाळेत ती फिरकलीच नाही. अण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता.

परत आली ती वाळून गेलेली. तिने पुन्हा द्रावण केलं, न गाळता तसंच ठेवलं आणि सरांना बोलावून दाखवलं. "सर, बसचा दोष नाही. कण टिकतच नाहीत."

सरांनी पात्र उचलून तळाचा साका पाहिला. "आता बोलून काय फायदा?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. हातात मोजे होते म्हणून तिने तो माझ्याशेजारी स्पीकरवर ठेवला.

"मृण्मयी, उजव्या पायालाही फोड आलाय गं. डॉक्टर बोलवतायत. पण म्हटलं, तुझं औषध आता होतच आलं असेल. रुकून जातो थोडा."

तिने मला बंद केलं.

"नाही झालं, अण्णा. जमलंच नाही. तो आलेख गाळून घेतलेल्या पाण्याचा होता, मला ठाऊक होतं. मी निघाले. आजच्या आज दवाखान्यात जायचं."

मग अण्णा म्हणाले, "पहले सांगायचं होतं ना, बेटा."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. ती मोजे न काढताच बाहेर धावली.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांची निगा राखलीत तर तुमचे उपकार होतील, नाही राखलीत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या शब्दावर विसंबून कोणी थांबलं असेल, तर 'जमलं नाही' हे त्याला वेळेवर सांगा. अण्णांना ते एक पाय गेल्यावर कळलं.