माझ्या भेगेवरची नदी

मी एक लाकडी फळा बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी जळकुटा आहे. वरच्या मजल्यावरच्या त्या पांढऱ्या फळ्याचं कुणी नाव जरी काढलं, तरी माझ्या पोटात दुखायला लागतं.

ती जागा माझी होती हो! विद्यापीठाच्या सुताराने मला घडवलं ते अभियांत्रिकी विभागासाठी. बारा वर्षं माझ्यावर पूल उभे राहिले, यंत्रं फिरली. मग एक दिवस मोठं खोकं आलं आणि त्यातून तो निघाला, बोट लावलं की उजळणारा. त्याच्यासाठी खोलीत गारवा, खिडक्यांना पडदे, दिमतीला एक तंत्रज्ञ. मला मात्र शिपाईमामांनी जिन्यावरून ओढत खाली नेलं. वळणावर आपटलो आणि अंगभर वाकडीतिकडी भेग पडली.

"असू दे," मामा म्हणाले, "शिक्षणशास्त्राला चालतं."

शिक्षणशास्त्र विभाग म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक कुरकुरणारा पंखा. इथे उद्याचे शिक्षक घडतात. विद्यार्थी सगळ्यांत जास्त याच विभागात, आणि त्यांच्या फीवर उजळतो कोण? तो वरचा! विभागप्रमुख बाईंच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई दर वर्षी नवा फळा आणि चार नकाशे मागायच्या. दर वर्षी उत्तर ठरलेलं, "तुम्हाला काय, खडू असला की झालं."

एक विद्यार्थिनी होती, बारीक आवाजाची. सगळे तिला चिमणी म्हणायचे. तिच्या पहिल्या सराव पाठाला खडू माझ्या भेगेत अडकून मोडला. मुलांच्या जागी बसलेल्या मैत्रिणी खो-खो हसल्या, ही रडकुंडीला आली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. माझ्या भेगेवरून बोट फिरवत राहिली आणि मग तिने तीत निळा खडू भरला. दोन्ही काठांना गावं काढली, शेतं काढली, एक धरणही बांधलं. "ही आपली नदी. सांगा बरं, हिचा उगम कुठे?" सगळा वर्ग हात वर करून बसला. मी फुशारलो. त्या वरच्याच्या अंगावर आहे का नदी?

यंदा वित्त समितीचे साहेब पाहणीला आले. बाई खूश होत्या. म्हणाल्या, "आता त्यांच्या डोळ्यांनाच दिसेल." पाठ चिमणीचा होता. तिने जीव ओतून शिकवलं. साहेब इतके रंगले की त्यांनीही उत्तर द्यायला हात वर केला!

शेवटी टाळ्या पडल्या. "वा बाई! एका फळ्यावर एवढं? तुमचं तर काहीच अडत नाही. नवा कशाला हवा?"

"साहेब, ती नदी नाही, भेग आहे."

"विनोद छान करता हं!" म्हणत साहेब हसत बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात वरच्याला जोडीदार आला, त्याच्याहून मोठा.

ते कळलं त्या दिवशी चिमणी मला पुसत होती. "बाई, माझं चुकलं का हो?"

"नाही गं. फार छान शिकवलंस. तेच नडलं आपल्याला."

तेव्हापासून मला त्या वरच्याचा नाही, स्वतःचाच राग येतो. मुलींनो, एवढंच ऐका. रोज काढा माझ्यावर नदी, मला आवडते ती. पण साहेब पुन्हा येतील, त्या दिवशी ओलं फडकं घ्या, नदी पुसून टाका आणि मला तसाच, भेगेसकट, त्यांच्यासमोर उभा करा.